छातीची भरती

श्वास घेताना छाती नुसती फुगत नाही. वरच्या बरगड्या पुढे उचलल्या जातात, खालच्या दोन्ही कुशींना उघडतात आणि श्वासपटल खाली सरकून फुप्फुसांना जागा करून देतं. मोठं माणूस स्वस्थ बसलं असेल तर मिनिटाला 12 ते 20 वेळा ही भरती येते आणि ओसरते. आपल्या अंगातला हा अखंड निसर्ग.

जाणता वैद्य आधी नुसता पाहतो. उजेड हवा, छाती उघडी हवी, घाई नको. मग तो रुग्णाच्या पाठीशी येतो, तळहात चोळून ऊबदार करतो, खालच्या बरगड्यांना दोन्हीकडून अलगद कवेत घेतो. अंगठे कण्याजवळ, मध्ये त्वचेची सैल घडी. ‘मोठा श्वास घ्या.’ अंगठे दूर सरकतात, निरोगी छातीत दोन्ही सारखेच. टेप गुंडाळून मोजलं तर धडधाकट तरुण छातीचा घेर पूर्ण श्वासाला साधारण 5 सेंटीमीटर किंवा अधिक वाढलेला दिसतो.

एखादा अंगठा मागे राहतो. त्या बाजूला पाणी साचलं असेल, फुप्फुसाबाहेर हवा कोंडली असेल, फुप्फुस आकसलं असेल किंवा निमोनियानं घट्ट झालं असेल. नेमकं काय, ते पुढे बोटांनी ठोकून आणि कान लावून ठरेल. दुखरी बाजू छातीनं आधीच दाखवलेली असते.

तान्ह्या बाळाला ‘मोठा श्वास घे’ म्हणता येत नाही. तिथे मोजायचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला 60 किंवा अधिक, वर्षाच्या आत 50, पुढे पाच वर्षांपर्यंत 40 झाले, की धोका ओळखायचा. श्वासासरशी छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल तर अधिकच. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनं हे पाहणं गावातल्या माणसांच्या हाती दिलं. मोजता न येणाऱ्या सुईणींसाठी वाळूचं घड्याळ आणि मणी असलेलं साधन घडवलं. निमोनियानं होणारे बालमृत्यू त्या गावांत घटले. 1990 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं ते जगापुढे मांडलं.

बाळ शांत असताना, अंगावरचं झबलं वर करून, पूर्ण एक मिनिट त्याच्या छातीकडे पाहणं ही जीवनाची पूजाच आहे, आणि ती प्रत्येक आईला, प्रत्येक सुईणीला शिकता येते.