डबल

नातेवाईक मला गोगलगाय म्हणत. पाहुणे आले की मी आतल्या खोलीत. कुणी नाव विचारलं तर उत्तर आईनं द्यायचं. तिथे माझ्या सोबतीला एक जुनी हिशेबाची वही असे आणि तिच्यात खळीने चिकटवलेले काडेपेटीचे छाप.

तेव्हाची पेटी लाकडाच्या पातळ पापुद्र्याची, वर कागदी छाप डकवलेला. रिकामी पेटी पाण्यात टाकायची, कागद सुटला की अलगद उचलून वर्तमानपत्राच्या घडीत वाळवायचा. घाई केली तर वाघाचा कान पेटीलाच राहायचा. अशी कामं एकट्यानेच करायची असतात, म्हणून तर मला ती आवडत.

आम्ही अंबरनाथचे. १९२३ साली स्थापन झालेल्या विम्कोचा काडेपेट्यांचा कारखाना गावातच, त्यामुळे जहाज छाप आणि घोडा छाप पैशाला पासरी. शिवकाशीच्या लहान कारखान्यांचे छाप मात्र क्वचित दिसत. मोर, हत्ती, चित्त्याशी झुंजणारा माणूस. रंग भडक, छपाई कधी रेषेबाहेर गेलेली, पण डोळ्यांत भरणारी.

पाचवीत वर्गात एक मुलगा आला. वडिलांची बदली दक्षिणेकडून झालेली, त्याला मराठी जेमतेम. माझ्या बाकावर जागा होती, कारण माझ्याशेजारी बसून करमणूक होत नसे. एकदा त्याने कंपासपेटी उघडली तेव्हा आत तमिळ अक्षरांचा एक छाप दिसला. दुसऱ्या दिवशी मी वही नेली आणि काही न बोलता दोघांच्या मध्ये ठेवली. तो पानं उलटत घोड्यापाशी थांबला. आमच्याकडे ज्याला कुणी विचारत नव्हतं, तो त्याच्याकडे नव्हता. मी विचारलं, “तो तमिळवाला डबल आहे?” म्हणजे जास्तीचा, अदलाबदलीला देता येईल असा. घरच्यांखेरीज कुणाला मी आपणहून विचारलेला तो बहुधा पहिला प्रश्न.

बुजऱ्या माणसाला बोलता येतं, त्याला बघून घेतलं जाणं सोसत नाही. समोर बसवून “बोल की जरा” म्हटलं की त्याची जीभ टाळूला चिकटते. पण दोघांनी मिळून तिसऱ्याच वस्तूकडे बघायचं असेल, तर नजर मोकळी होते आणि मागून शब्दही येतात. त्या मुलाचा चेहरा मला नीट आठवत नाही. त्याचं बोट ज्या पानावर थांबे ते पान आठवतं.

पुढे पुण्यात वसतिगृहात हीच वही कामी आली. नोकरीच्या फिरतीत मी, विडी-सिगारेट न ओढणारा, टपरीवर थांबून अनोळखी माणसांकडे रिकामी पेटी मागायचो. लोक आधी चमकत, मग हसत, मग आपल्या गावाकडच्या पेटीवर काय असे ते सांगत. एका वयस्क संग्राहकाने मला स्वीडन आणि ऑस्ट्रियात आपल्या बाजारासाठी छापलेले देवदेवतांचे जुने छाप दाखवले. त्याच्या घरी मी तासन्‌तास बसलो आणि निघताना लक्षात आलं, बोलत बहुतेक मीच होतो.

आता पेट्या पुठ्ठ्याच्या, चित्र थेट पुठ्ठ्यावरच छापलेलं. भिजवायला काही उरलं नाही. २०२१च्या डिसेंबरात एक रुपयाची पेटी दोन रुपयांना झाली, तोवर बऱ्याच घरांत लायटर रुळला होता.

वही चाळताना जाणवतं, की एकेकटे दुर्मिळ छाप मी जिवापाड जपले, पण त्यांच्याशी कुणाचंच नाव जोडलेलं नाही. माणसं मिळाली ती डबल छापांमुळे, म्हणजे जे हातचं गेलं त्यामुळे. निवृत्तीनंतर नव्या वस्तीत राहायला आलो आणि पुन्हा आतल्या खोलीतला झालो. डबल तर केव्हाच संपले होते. म्हणून हल्ली एकुलते एक छापही देऊन टाकतो. वही पातळ होते आहे, आणि जिन्यात मला नावाने हाक मारणारे वाढत आहेत.