वेष्टनातील वीर

१९७७ च्या नाताळात अमेरिकेतील केनर कंपनीला ‘स्टार वॉर्स’ची खेळणी वेळेत तयार करता आली नाहीत. तिने बाहुल्यांऐवजी मागणीपत्र असलेले पाकीट विकले. चार बाहुल्या पुढील वर्षी टपालाने घरोघरी पोहोचल्या. मुलांनी वाट पाहिली, ती खेळण्यासाठी.

तिकडेच स्थायिक झालेला आमचा भाचा सुपरहिरोंच्या बाहुल्या जमवतो. सॅन दिएगोच्या कॉमिक-कॉन मेळाव्यात नव्या बाहुल्या जाहीर झाल्या की तो कित्येक महिने आधीच मागणी नोंदवतो. बाहुली येते, कपाटात जाते आणि तो पुढच्या बाहुलीची वाट पाहू लागतो. केनरने १९८४ साली काढलेला सुपरमॅनही त्याच्यापाशी आहे. त्याचे पाय दाबले की हात ठोसा मारतात. पण वेष्टन फोडले तर किंमत उतरते!

छंदाला आम्ही नावे ठेवीत नाही. वाट पाहणे ही माणसाला लाभलेली देणगीच होय. परंतु हाती आलेल्या वस्तूचा आनंद घेण्याआधीच मन पुढे धावू लागले, तर त्या देणगीची तहान होते. भाच्याचा पाच वर्षांचा मुलगा काचेला नाक लावून सुपरमॅनकडे पाहत असतो. साऱ्या जगाची सुटका करणाऱ्या त्या वीराची सुटका ह्या चिमुकल्या हातांनी व्हावी, एवढेच आम्ही भाच्यास लिहिले आहे.