साडेचौदा क्विंटलचा गोळा

वाचकहो, शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाची एक खोड काही जात नाही. कुठलीही मोठी वस्तू कानावर आली, की तो ती पोत्यांत, हातांत नाही तर गाड्यांत मोजून बघतो. माझीही तीच खोड. 'यामातो' या जपानी लढाऊ जहाजाच्या तोफांविषयी वाचलं, तेव्हा मी हिशेबच मांडून बसलो. तुम्हीही सोबत मोजा.

हे जहाज डिसेंबर १९४१ मध्ये जपानच्या आरमारात दाखल झालं. त्यावर नऊ मोठ्या तोफा होत्या. नळीचं तोंड ४६ सेंटिमीटरचं, म्हणजे एक हात रुंद. लांबी सुमारे २१ मीटर, म्हणजे छेचाळीस हात. विजापूरची मुलूखमैदान तोफ तुमच्यापैकी कित्येकांनी पाहिली असेल. १५४९ साली अहमदनगरला ओतलेल्या त्या तोफेचं वजन सुमारे ५५ टन. यामातोची एकेक नळी तिच्या अडीचपटीहून जड! अशा तीन-तीन नळ्या एकेका फिरत्या बुरुजात बसवलेल्या. एका बुरुजाचं वजन सुमारे २,५०० टन.

आता गोळा बघा. एकच गोळा सुमारे १,४६० किलोचा, म्हणजे साडेचौदा क्विंटल. ज्वारीची साडेचौदा पोती! तो फेकायला तीनशे किलोहून अधिक दारू लागे. नळीला आतून पिळदार खाचा असत. त्यांमुळे गोळा भोवऱ्यासारखा गरगरत बाहेर पडे आणि भरकटत नसे. पल्ला ४२ किलोमीटर. आपल्या शिवारातून बार काढला तर गोळा शेजारच्या तालुक्यात पडावा! तिथवर पोचायला त्याला दीड मिनिटाहून जास्त वेळ लागे. तेवढ्यात शत्रूचं जहाज पुढे सरकलेलं असणार. म्हणून ते जिथं दिसतंय तिथं नव्हे, तर जिथं असेल तिथं नेम धरायचा. बार उडायच्या आधी इशारा होई आणि उघड्यावरची माणसं आडोसा धरत. नाहीतर नुसत्या धक्क्यानंच माणूस जायबंदी व्हायचा.

हे वाचताना छाती दडपते. पण पुढचं ऐका. शत्रूच्या जहाजांवर या तोफा डागण्याचा प्रसंग सबंध युद्धात एकदाच आला, २५ ऑक्टोबर १९४४ रोजी, फिलिपिन्सजवळच्या समुद्रात. कारण लढाईची तऱ्हाच बदलली होती. तोफेचा हात ४२ किलोमीटर पोचे, तर जहाजावरून उडालेलं विमान शेकडो किलोमीटर जाऊन बॉम्ब टाकून परत येई. गावात पाण्याचं इंजिन आलं असताना कुणी आठ बैलांची मोट बांधावी, तसं झालं. मोट उत्तमच होती. तिचे दिवस संपले होते.

एप्रिल १९४५ मध्ये यामातोला ओकिनावा बेटाकडे धाडलं. वर विमानांचं छत्र नाही. ७ एप्रिलला अमेरिकेची शेकडो विमानं तिच्यावर तुटून पडली. त्या तोफांनी विमानांवरही खास गोळे डागले, पण उपयोग झाला नाही. सुमारे दोन तासांत जहाज उलटलं, प्रचंड स्फोट झाला आणि ते बुडालं. तीन हजारांहून अधिक खलाशी गेले. वाचले ते तीनशेहूनही कमी.

माझा हिशेब इथं अडला. आपल्याही कितीतरी घरांतली मुलं फौजेत आहेत. पोरगा सीमेवर असला, की दारात तार घेऊन येणाऱ्या माणसाला बघून आईचा जीव कसा खालीवर होई, हे जुन्या माणसांना विचारा. शिपायाच्या हातात हत्यार हवंच, तेही चांगलं हवं. त्या खलाशांच्या धाडसातही उणेपणा नव्हता. उणेपणा होता तो वर बसून हुकूम सोडणाऱ्यांच्या विचारात. विमानाचं बळ जपान्यांना ठाऊक नव्हतं असंही नाही. १९४१ साली पर्ल हार्बरवर त्यांनीच ते जगाला दाखवलं होतं. तरी छत्राशिवाय जहाज धाडलंच.

ज्या कुरे गावी ते जहाज बांधलं, तिथं २००५ साली त्याचं संग्रहालय उघडलं. तिथं जहाजाची दहापट लहान प्रतिकृती आहे. खऱ्या तोफा मात्र समुद्राच्या तळाशी आहेत.

मंडळी, एखाद्या वस्तूच्या आकारानं डोळे दिपले, तर घटकाभर थांबावं आणि दोन गोष्टी विचाराव्यात. हिचं काम अजून उरलं आहे का? आणि अंदाज चुकला, तर किंमत कुणाच्या घरचा पोरगा भरणार?