पाँपेईच्या प्रेक्षागारांत

पाँपेई नगराचें वर्णन इतिहासाच्या तासाला आम्हीं किती वेळां केलें असेल, ह्याची गणती नाहीं. इसवी सन ७९ मध्यें व्हेसुव्हिअस पर्वतानें राख ओकली आणि नांदतें नगर तिच्याखालीं गडप झालें, एवढें सांगून आम्ही पुढील धड्याकडे वळत असूं. परंतु गेल्या आश्विनांत तेथें प्रत्यक्ष जाण्याचा योग आला तो इतिहासाकरितां नव्हे. डेव्हिड गिलमूर ह्या इंग्रज गिटारवादकाच्या ओढीनें! वाचकांस नवल वाटेल, म्हणून थोडी हकीकत सांगणें प्राप्त आहे.

१९८४ सालीं आमच्या धाकट्या बंधूंस कॉलेजांत असतांना ‘पिंक फ्लॉइड’ ह्या मंडळीच्या संगीताचें वेड लागलें. आम्ही घरांत वडील, त्यांतून शिक्षक. परीक्षा तोंडावर आली असतां ‘हा कसला गलबला!’ म्हणून आम्हीं त्यांची कॅसेट काढून घेतली व कपाटांत कुलूपबंद केली. त्याच रात्रीं, सर्व निजल्यावर, दोष तरी नीट पाहावे म्हणून ती आम्हीं हलक्या आवाजांत लाविली. गिलमूर बोटानें तार ओढून स्वर चढवितात. आपल्याकडील सतारीच्या मींडेची आठवण व्हावी असें तें काम. घाई नाहीं, स्वरांची उधळपट्टी नाहीं. आम्हीं सबंध बाजू ऐकिली. पुढें चाळीस वर्षें ऐकत आलों. पण बंधूंजवळ तशी कबुली कधीं दिली नाहीं. वडीलपणा आड आला. तीन वर्षांपूर्वीं ते निवर्तले.

त्यांची कन्या शिक्षणानिमित्त नेपल्सला असते. तिनेंच आम्हांस आगगाडीनें पाँपेईस नेलें. नगराच्या आग्नेय कोपऱ्यास हें लंबवर्तुळाकार प्रेक्षागार आहे. ख्रिस्तपूर्व ७० च्या सुमारास बांधलेलें हें स्थळ दगडी रोमन प्रेक्षागारांत फार जुनें. सुमारें २०,००० माणसें येथें बसत. इसवी सन ५९ मध्यें शेजारच्या नुकेरियाच्या लोकांशीं येथेंच दंगल झाली, आणि रोमच्या सेनेटनें दहा वर्षेंपर्यंत अशा खेळांस बंदी केली.

१९७१ च्या ऑक्टोबरांत पिंक फ्लॉइडच्या चौघांनीं येथें वादन केलें तें श्रोत्यांवांचून. एड्रियन मेबन ह्या दिग्दर्शकानें त्याचा चित्रपट केला. चित्रीकरणाची मंडळी सोडली तर समोर रिकाम्या पायऱ्याच. गिलमूर त्या वेळीं २५ वर्षांचे होते. २०१६ च्या जुलैत, वयाच्या ७० व्या वर्षीं, ते पुन्हां ह्याच जागीं आले व दोन रात्रीं त्यांनीं वाजविलें. ह्या खेपेस मात्र श्रोते होते. मधल्या काळांत, २००८ सालीं, त्यांचे सहकारी रिचर्ड राइट मरण पावले होते. ज्याच्यासंगें तरुणपणीं वाजविलें तो सोबती नसतांना त्याच ठिकाणीं उभें राहणें कसें असेल, ह्याचा विचार करीत आम्ही एका पायरीवर बसलों.

तेथें मन आवरेना. कॅसेटची सर्व गोष्ट आम्हीं मुलीस सांगितली. वाटलें, ती रागावेल. ती हंसून म्हणाली, “अण्णाकाका, बाबांना ठाऊक होतं. कपाटांत गेली तेव्हां टेप अगदीं आरंभाला होती. परत मिळाली ती शेवटाला. तुम्ही स्वतः होऊन सांगाल, म्हणून ते वाट पाहत राहिले.”

आम्हांस उत्तर सुचेना. मग तिनें मोबाइल काढून ‘एकोज’ हें गीत लाविलें. एक इअरफोन तिच्या कानीं, दुसरा आमच्या. ह्याच गीतानें त्या चित्रपटाचा आरंभ होतो आणि शेवटही. तें संपेपर्यंत दोघेंही बोललों नाहीं.

वाचकहो, घरांतील धाकट्यांची एखादी आवड आपणांसही मनांतून पटली असेल, तर तसें त्यांस वेळींच सांगावें. त्यानें वडीलपणास उणेपणा येत नाहीं. हें कळावयास आम्हांला मात्र पाँपेईपर्यंत जावें लागलें.