काठमांडूहून, ती. अण्णांस

काठमांडू, १० नोव्हेंबर २०२५, रात्री

ती. अण्णांस,
सा. न. वि. वि.

ओंकार, हे आजोबांना मोठ्याने आणि सावकाश वाचून दाखव. कानाचं यंत्र लावा म्हणून मागे लागू नकोस, ते लावणार नाहीत. डोळ्यांत थेंब घातल्यावर दहा मिनिटं थांबून मगच वाचायला बस.

पोचले, फोनवर सांगितलंच. आत्ता सिरकेत शिरून लिहितेय. सिरक म्हणजे इथली कापसाची रजई. इतकी जड की एकदा अंगावर घेतली की कूस बदलायला कुणाला तरी हाक मारावी लागेल. खोलीत हीटर नाही, फरशी मार्बलची, आणि गरम पाणी सोलरचं. ते येतं दुपारी दोनला, तेव्हा आम्ही एकजणही खोलीवर नसतो. सकाळी साडेसहाला नळाखाली हात धरला तर बोटं माझी आहेत की शेजारणीची, कळेना.

आजची सकाळ एका सरकारी कार्यालयात गेली. आमच्या कामाला हवा होता शहरातल्या गटारांचा नकाशा, बस. पत्र महिनाभर आधी गेलेलं, पोच आमच्या फाइलला लावलेली. हाकीम, म्हणजे तिथले साहेब, अंगणात उन्हाला खुर्ची टाकून संत्रं सोलत होते. आम्ही उभ्या. त्यांनी संत्रं सोललं, वरच्या शिरा काढल्या, एकेक फोड खाल्ली, बिया डाव्या हातात गोळा केल्या, हात झटकले आणि मग म्हणाले, नकाशा आगीत गेला. सप्टेंबरातली आग तुम्ही टीव्हीवर पाहिलीत. सिंहदरबार जळला, संसद जळली, सर्वोच्च न्यायालय जळलं. पण या गृहस्थांच्या इमारतीचं रंगकामसुद्धा शाबूत आहे. मी नुसती भिंतीकडे बघत राहिले. ते त्यांना झोंबलं असावं. म्हणाले, तुम्ही इंडियावाले आमची गटारं कशाला मोजता, तुमची गंगा साफ झाली का? म्हटलं, नाही झाली. तर म्हणे, भोलि आउनुस्. म्हणजे उद्या या. तुमच्या अख्ख्या नोकरीत तुम्ही असले चिक्कार पाहिले असतील; मी अजून रागातच आहे.

बाकी शहर शांत आहे. समाजमाध्यमांवर बंदी आली, ८ सप्टेंबरला पोरं रस्त्यावर उतरली, गोळीबार झाला, सत्तरहून जास्त माणसं गेली आणि दुसऱ्याच दिवशी पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला. आता माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की हंगामी पंतप्रधान आहेत, निवडणूक ५ मार्चला. टॅक्सीवाला म्हणाला, जाळपोळीनंतर हीच पोरं झाडू आणि पोती घेऊन रस्ते साफ करत होती. मग काच, राख, जळके टायर टाकले कुठे, ते त्याला माहीत नव्हतं.

जेवण: मोमो. दहा नगांची प्लेट दोनशेला, म्हणजे आपले सव्वाशे. त्यांचे एकशे साठ म्हणजे आपले शंभर, हा भाव १९९३ पासून बांधलेलाच आहे, त्यामुळे हिशेब सोपा. सोबत तीळ-टोमॅटोची पातळ चटणी, तीवर जेवण निघावं अशी. ओंकार, पुढचं वाक्य आजीसमोर गाळ: मोमो कोंबडीचे होते. पाणीपुरीचा मोह झाला, पण २०२२ च्या जूनमध्ये पटकी आली तेव्हा शेजारच्या ललितपूर महानगरपालिकेने पाणीपुरी विकायलाच बंदी घातली होती. ते आठवलं आणि पुढे गेले. आईचा गुडघा कसा आहे?

तुमची,
शैला

काठमांडू, १३ नोव्हेंबर, उशिरा

ती. अण्णांस,
सा. न.

आज घाटात गाडीने पोटातलं सगळं ढवळून काढलं. भात आणि गुंद्रुकाचं पाणी पिऊन पडलेय. गुंद्रुक म्हणजे आंबवून वाळवलेली पालेभाजी. वास उग्र, चव आमसुलाच्या जवळची. आईला आवडेल, तुम्हाला मुळीच नाही.

तुम्ही नव्या मुकादमाला पहिल्याच दिवशी विचारायचात ना, "पुढं कुठं जातं?", तेच विचारत मी इथे फिरतेय. इथे घंटागाडी नाही, शिट्टी आहे. शिट्टी वाजली की गल्लीतल्या बायका पिशव्या घेऊन पळतात. ट्रकमागून आम्ही गेलो ते थेट नुवाकोटच्या हद्दीपर्यंत, बंचरेडाँडा नावाच्या डोंगरावर, साधारण सत्तावीस किलोमीटर. त्याच्या अलीकडे सिसडोल. तिथे २००५ मध्ये दोन-तीन वर्षांपुरता म्हणून कचरा टाकायला सुरुवात केली आणि टाकत राहिले २०२२ पर्यंत. दरीत कचऱ्याचाच एक डोंगर उभा आहे, वर गवत उगवलंय. लांबून कुणी फोटोसुद्धा काढेल.

तुम्हाला आकडा लागतो म्हणून सांगते: सगळ्या खोऱ्याचा रोजचा कचरा हजार टनांच्या वर. त्यात निम्म्याहून जास्त ओला: भाजीचे देठ, भात, निर्माल्य. ते जागच्या जागी कुजवलं तर निम्म्या गाड्या वाचतील. महापौर बालेन शाह २०२२ मध्ये निवडून आले. आधी रॅप गाणारे, शिक्षणाने स्ट्रक्चरल इंजिनिअर, कुठल्या पक्षाचे नाहीत, पोरींच्या गळ्यातले ताईत. ओला-सुका वेगळा करा म्हणून त्यांनी जोर लावला होता. आमच्या पुढच्या ट्रकमध्ये मात्र फ्लॉवरच्या पानांखाली डायपर, डायपरखाली फुटकी ट्यूबलाइट. रस्त्यावरच्या टोपलीवाल्यांना मात्र पालिकेच्या पोलिसांनी धरधरून हाकललंय. टोपली दिसते, देठ दिसत नाहीत.

डेपोच्या खालच्या वळणावर चहा घेतला. म्हातारीने प्रत्येक कपावर बशी पालथी घातली आणि वर हात ठेवून तो आणला. उचलेपर्यंत हात काढला नाही. माश्या तिच्या बोटांवर बसल्या होत्या, ती हलवीतसुद्धा नव्हती. चहा तीस रुपये. म्हणाली, सुनेचं माहेर काठमांडूत, पण दशैंला, म्हणजे इथल्या दसऱ्याला, टिळा लावून घ्यायला व्याही येत नाहीत, वास येतो म्हणतात. आणि वास त्यांच्याच घरचा! हे ती हसत हसत सांगत होती. पावसाळ्यात गाड्या चिखलात रुततात, नाहीतर गावकरी रस्ता अडवून बसतात. रस्ता द्या, दवाखाना द्या, कबूल केलेलं द्या. मग काठमांडूत आठवडाभर शिट्टी वाजत नाही आणि पेपरात येतं, गावकऱ्यांची आडमुठी भूमिका. मला तर म्हातारी फारच सोशिक वाटली.

हाकिमांकडे काल पुन्हा गेलो. रजेवर.

भक्तपूर, २५ डिग्री उन्हात (खरंच, दुपारी असतं), १५ नोव्हेंबर

ती. अण्णांस,

पशुपतिनाथ झाला, आईचा अभिषेक केला, पावती ठेवली आहे.

मला सांगायचंय ते देवळाच्या वरच्या अंगाचं. तिथे गुह्येश्वरीला मैलापाणी शुद्ध करायचं केंद्र आहे. नदीकाठाने येणारी गटारं तिथे वळवतात आणि शुद्ध केलेलं पाणी पशुपतीच्या घाटाला लागू नये म्हणून बोगद्यातून खाली तिलगंगेपाशी सोडतात. म्हणजे देवाची सोय झाली. पण देवळाच्या खालीही शहर आहे, आणि तिथे गटारं आपली थेट बागमतीत. आपल्या वाईच्या घाटावर तुम्ही गणपतीच्या मागून येणारी मोरी दाखवून पाहुण्यांना वैतागवायचात, त्याची फार आठवण झाली.

आज शनिवार, म्हणून पहाटे भक्तपूरला निघण्याआधी नदी साफ करायला गेलो. २०१३ मध्ये तेव्हाचे मुख्य सचिव लीलामणी पौड्याल यांनी लोकांना घेऊन हे सुरू केलं आणि अजून दर शनिवारी माणसं जमतात. हे मला साधं वाटत नाही. आपल्याकडे फोटो निघाला की दुसऱ्या आठवड्यात झाडू कपाटात जातो. हातमोजे दिले. गाळातून एक कापड ओढायला घेतलं, ते येतच राहिलं, शेवटी तिघींनी धरून ओढलं तर पूर्ण सहावारी साडी, काठासकट. आणि आमच्या डाव्या हाताला, वीस पावलांवर, हातभर रुंदीचा पाइप नदीत ओकत होता. सगळ्यांना दिसत होता. एका शिक्षकाला विचारलं, तो म्हणाला, पाइप सरकारचं काम, आमचं काम शनिवारचं. त्याच्यावर चिडताही येईना.

देश हागणदारीमुक्त झाल्याचं ३० सप्टेंबर २०१९ ला जाहीर झालं आहे. याला मी नुसती घोषणा म्हणणार नाही. २००९ मध्ये जाजरकोट आणि आजूबाजूच्या डोंगरी जिल्ह्यांत हगवण-पटकीने तीनशेवर माणसं गेली. त्यानंतर २०११ मध्ये देशभराची योजना आली, त्याच वर्षी कास्की पहिला मुक्त जिल्हा ठरला, आणि गावागावांत लोकांनी खरोखर खड्डे खणले, भिंती बांधल्या. पण शहरातले खड्डे भरले की उपसायला टँकर येतो, आणि टँकर कुठे रिकामा होतो हे विचारलं की सगळे चहा मागवतात. अण्णा, आपल्या मागच्या अंगणातली टाकी शेवटची कधी उपसली होती? दादाला विचारा. टँकरवाल्याला बोलावाल तेव्हा तो कुठे ओततो तेही विचारा, तुम्हाला तो खरं सांगेल.

पाणी कमी पडतं म्हणूनही सगळं तुंबतं. कृष्णप्रसाद भट्टराई पंतप्रधान असताना म्हणाले होते की मेलम्ची नदीचं पाणी आणून काठमांडूचे रस्ते धुऊ. सव्वीस किलोमीटरचा बोगदा खणून ते पाणी पोचलं २०२१ च्या मार्चमध्ये, आणि १५ जूनला पूर येऊन बोगद्याच्या तोंडावरचं बांधकाम गाळाखाली गेलं. तेव्हापासून पावसाळ्यात बंद. आमच्या हॉटेलात अजून पाण्याचा टँकर. आणि काल पाटणला दरबार चौकात मंगा हिटी पाहिली: जमिनीत खोल उतरणाऱ्या पायऱ्या, खाली मगरीच्या तोंडाच्या दगडी तोट्या, बांधल्या इ. स. ५७० मध्ये. चालू आहेत! बायका कळशा, प्लॅस्टिकचे कॅन रांगेत लावून उभ्या होत्या. एकीने मला ओंजळभर पाणी प्यायला दिलं. प्यायले. पोट ठीक आहे.

बाकी देवळं, चौक ओंकारला फोटोंत पाठवलेत. इथलं जुजु धौ मात्र लिहायलाच हवं: मातीच्या कुंडीत लावलेलं म्हशीच्या दुधाचं गोड दही, चमचा उभा राहील इतकं घट्ट, छोटी कुंडी शंभराला. दोन खाल्ल्या. आणणं शक्य नाही, आईने वाट पाहू नये.

नकाशाचं काय झालं ते राहिलंच. हाकिमांच्या शिपायाने काल दुपारी स्वतःहून हॉटेलवर फोन केला: नकाशा आहे, झेरॉक्सचे पाचशे द्या. दिले. नकाशा १९९० च्या दशकातला निघाला. रागाने झोप नाही.

परवा रात्री पुण्याला उतरते, पहिली एसटी धरून सकाळी घरी. दादाला स्टँडवर येऊ नको म्हणावं, सर्दी वाढवून घेईल. माझ्यासाठी भाकरी आणि पिठलं, दुसरं काही नको.

शैला