एक गिअर वर

हुआन मान्युएल फांजिओच्या शर्यतींचे जुने कृष्णधवल तुकडे मोबाइलवर फिरत असतात. मला ते नेहमी दिसतात, कारण मी ते नेहमी बघतो. त्यावर हमखास एक वाक्य चिकटवलेलं असतं : मर्यादा फक्त मनात असतात. आणि बहुतेक वेळा शर्यत असते ४ ऑगस्ट १९५७ ची, जर्मन ग्रां प्री. सर्वोत्तम ग्रां प्री कोणती, असा वाद निघाला की हिचं नाव पहिल्या दोन-तीनांत येतंच. शर्यत मलाही फार आवडते. पण ते वाक्य तिला लावलेलं बघितलं की खटकतं.

आधी शर्यत सांगतो. न्यूर्बर्गरिंग म्हणजे आयफेलच्या डोंगररानातून वरखाली जाणारा, जवळजवळ २३ किलोमीटरचा रस्ता. दीडशेहून जास्त वळणं, कडेला झाडं आणि चर. अशा २२ फेऱ्या, म्हणजे ५०० किलोमीटर. गाडीत सीटबेल्ट नाही. फांजिओ ४६ वर्षांचा, चार वेळचा जगज्जेता. त्याच्यासमोर फेरारीचे दोन इंग्रज : २८ वर्षांचा माइक हॉथॉर्न आणि २५ वर्षांचा पीटर कॉलिन्स, एकमेकांचे जिवलग दोस्त.

फेरारीवाले टाकी भरून, न थांबता जाणार होते. फांजिओच्या मासेराटीनं वेगळा हिशेब मांडला : अर्धीच टाकी, मऊ टायर. हलकी गाडी पुढं काढायची, मध्यावर थांबून इंधन आणि टायर घ्यायचे. बाराव्या फेरीअखेर तो साधारण अर्धा मिनिट पुढं होता. तो पिटमध्ये आला आणि सगळा घोळ झाला. मेकॅनिकच्या हातून चाकाचा नट निसटून गाडीखाली गेला, तो शोधण्यात वेळ गेला. फांजिओ बाहेर पडला तेव्हा पुढचे दोघं पाऊण मिनिट पुढं होते. उरल्या होत्या दहा फेऱ्या. सुरुवातीला अंतर घटेना. फेरारीच्या पिटमध्ये सगळे निवांत झाले.

मग फांजिओनं फेरीमागून फेरी विक्रम मोडायला सुरुवात केली. विसावी फेरी त्यानं ९ मिनिटं १७.४ सेकंदांत मारली. आदल्या वर्षीचा विक्रम त्याचाच होता, त्याहून ही फेरी तब्बल २४ सेकंदांनी जलद. पोल पोझिशन मिळवतानाच्या स्वतःच्या वेळेपेक्षाही आठ सेकंदांनी जलद. एकविसाव्या फेरीत त्यानं आधी कॉलिन्सला गाठलं, मग हॉथॉर्नला. शर्यत जिंकली ३.६ सेकंदांनी. पाचवं विजेतेपद तिथंच पक्कं झालं.

हे त्यानं केलं कसं? त्यानं स्वतः सांगितलेलं एक कारण साधं आहे : काही वेगवान वळणं त्यानं नेहमीपेक्षा एक गिअर वर ठेवून घेतली. गाडी चालवणाऱ्याला याचा अर्थ लगेच कळेल. खालच्या गिअरमध्ये इंजिन गाडीला धरून ठेवतं. वरच्या गिअरमध्ये ती पकड सुटते, गाडी मोकळी धावते. वेग मिळतो, पण चूक झाली तर सावरायला हाताशी फार काही उरत नाही.

माझे बाबा टेम्पो चालवतात. नाशिकहून भाजी भरायची, रात्री कसारा घाट उतरायचा, पहाटे वाशीला पोचायचं. ज्या गिअरनं घाट चढतो त्याच गिअरनं उतरायचा, हे त्यांच्याकडून मी लहानपणापासून ऐकतोय. त्यांना ही गोष्ट सांगितली. विक्रमांचं, सेकंदांचं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, ‘‘मग पुढं किती वर्षं चालवली त्यानं?’’

मी म्हटलं, ‘‘वर्षभरही नाही. थांबला.’’

‘‘शहाणा होता,’’ बाबा म्हणाले.

मला खटकतं ते हेच. शर्यतीनंतर फांजिओ फुशारला नाही, हादरला. इतकं जोरात आपण आयुष्यात चालवलं नव्हतं आणि पुन्हा चालवूही शकणार नाही, असं तो म्हणाला. त्यानंतरच्या रात्री झोपायला गेलं की तीच वळणं डोळ्यांसमोर यायची, हेही त्यानंच सांगितलं. मर्यादा मनातच असती, तर ती ओलांडून आलेला माणूस झोपला असता.

मर्यादा कुठं असते हे त्याला चांगलं ठाऊक होतं. १९४८ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या एका लांब पल्ल्याच्या शर्यतीत त्याची गाडी दरीकडं गेली आणि सोबतचा डॅनिएल उरुतिया दगावला. १९५२ मध्ये तो पॅरिसहून रात्रभर गाडी हाकत मोंझाला पोचला, तसाच शर्यतीत उतरला आणि दुसऱ्याच फेरीत उलटला. मान मोडली, उरलेलं वर्ष गेलं. पुढची वर्षं तो जिंकला ते जिंकण्यापुरताच वेग वापरून. पन्नासेक जागतिक शर्यतींत २४ विजय असेच जमले. त्या दहा फेऱ्या हा त्याचा अपवाद होता. आपण अपवादाचंच पोस्टर केलं.

दुसऱ्या दोघांचं काय झालं, हे त्या व्हिडिओंत नसतं. कॉलिन्स दिलदार होता. १९५६ मध्ये मोंझाला स्वतःला विजेतेपदाची संधी असताना त्यानं आपली गाडी फांजिओला देऊन टाकली होती. ३ ऑगस्ट १९५८ रोजी, त्या शर्यतीला वर्ष व्हायला एक दिवस बाकी असताना, तो त्याच न्यूर्बर्गरिंगवर आघाडीवरच्या गाडीचा पाठलाग करताना गेला. हॉथॉर्ननं त्या वर्षीचं विजेतेपद जिंकलं आणि लगेच निवृत्ती घेतली. जानेवारी १९५९ मध्ये तो इंग्लंडमधल्या साध्या हमरस्त्यावर गाडी चालवताना गेला. वय २९.

त्याआधी, जुलै १९५८ मध्ये, रँसला फ्रेंच ग्रां प्री झाली. हॉथॉर्न पहिला होता आणि शेवटी शेवटी फांजिओच्या पाठीशी येऊन पोचला होता. ओलांडलं असतं तर फांजिओ पूर्ण एक फेरी मागं पडला असता. हॉथॉर्ननं वेग कमी केला आणि त्याला पुढंच राहू दिलं. फांजिओ चौथा आला, गाडीतून उतरला, आणि पुन्हा कधीही ग्रां प्रीमध्ये धावला नाही. तो १९९५ मध्ये गेला, ८४ व्या वर्षी.