सावित्रीच्या मुखाशी

बीड जिल्हा हा नद्यांच्या उगमाचा प्रदेश आहे, मुखाचा नव्हे. मांजरा पाटोदा तालुक्यातील बालाघाटच्या डोंगरात जन्म घेते आणि पार तेलंगणातील कंदकुर्तीपाशी गोदावरीला मिळते. सिंदफणा याच डोंगररांगेतून निघून माजलगाव तालुक्यातील मंजरथ येथे गोदावरीत सामावते. बीड शहराच्या पोटातून वाहणारी बिंदुसरा सिंदफणेच्या ओटीत पडते. नद्यांचे माहेर येथे, सासर मात्र शेकडो कोस दूर. बंगालच्या उपसागराला मिळणाऱ्या त्या पाण्यात आपल्या शिवारातील पावसाचा थेंब असतो, हे येथील माणूस पुस्तकात वाचतो. डोळ्यांनी क्वचितच पाहतो. खजाना विहिरीचे पाणी दुष्काळातही आटत नाही याचे कौतुक सांगत वाढलेल्या पिढ्यांना पाण्याचे वैपुल्य ही कल्पनाच मुळी विहिरीच्या घेराएवढी असते.

अशाच एका घरातील पाच माणसे मार्च महिन्यातील एका शनिवारी पहाटे तीन वाजता बीडहून निघाली. मोंढ्यात आडतीचे दुकान. त्यामुळे सोमवारी सकाळी परत गादीवर बसणे भाग. प्रवासाला मिळाले ते केवळ दोन दिवस. आजींचे वय शहात्तर. त्यांनी सम्मेदशिखर पाहिले होते, श्रवणबेळगोळ पाहिले होते. समुद्र पाहिला नव्हता. पुण्यात शिकणाऱ्या नातवाने नवा तंबू विकत घेतला होता आणि समुद्रकिनारी, नदीच्या मुखाशी, वाळूवर तो ठोकून रात्र काढायची असा त्याचा बेत होता. ठिकाण ठरले होते रत्नागिरी जिल्ह्यातील, मंडणगड तालुक्यातील वेळास.

वेळास हे नाना फडणवीसांचे मूळ गाव म्हणून इतिहासात नोंदलेले आहे. आज मात्र ते ओळखले जाते कासवांसाठी. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी पांढऱ्या पोटाच्या समुद्रगरुडाचा अभ्यास करीत किनारे धुंडाळत होते. 2002 मध्ये वेळासच्या वाळूत त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफले आढळली. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री वाळूवर येते, खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते आणि मागे वळून न पाहता समुद्रात निघून जाते. पुढे ती अंडी कुत्रा खातो, कोल्हा खातो, आणि माणूसही उकरून नेत असे. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 पासून होता; पण कायदा वाळूत पहारा देत नाही. पहारा दिला तो गावातल्याच माणसांनी. जे घरटी ओळखण्यात तरबेज होते, त्यांनाच घरटी राखण्याचे काम मिळाले. व्यवहार जाणणाऱ्या वाचकाला यातील शहाणपण वेगळे सांगावे लागणार नाही. पिल्ले पाहायला पाहुणे येऊ लागले, त्यांना गावकऱ्यांनी आपल्या घरीच उतरवून घेतले, आणि मोठ्या हॉटेलांवाचून गावाला हंगामाचे उत्पन्न सुरू झाले.

बीडहून अहिल्यानगर, पुणे, ताम्हिणी घाट, माणगाव, म्हसळा असा हा रस्ता. घाट उतरताना हवा जड होते. गाडीच्या काचेवर बाहेरून दमटपणा येतो. बाजरीच्या भाकरीच्या, तुरीच्या पट्ट्यातून आलेल्या माणसाला येथील हिरवेपणा थोडा संशयास्पद वाटतो. एवढे सगळे कुणी लावले, असा प्रश्न आजींनी दोनदा विचारला. घरून आणलेल्या दशम्या आणि चटणी माणगावच्या अलीकडे एका झाडाखाली उघडली गेली. गाळून उकळलेल्या पाण्याची मोठी बाटली वेगळ्या पिशवीत होती.

हरिहरेश्वरजवळच्या बागमांडल्याला रस्ता संपतो आणि समोर सावित्री उभी ठाकते. महाबळेश्वरी कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री यांच्या सोबतीने तिचा उगम मानतात. पण बाकीच्या घाटावर रमतात आणि सावित्री पश्चिमेकडे कडा उतरून पोलादपूर, महाडवरून जेमतेम शंभर किलोमीटरांत समुद्र गाठते. मांजरेचा प्रवास याच्या सातपट आहे. एवढ्याशा नदीचे पात्र मुखाशी इतके रुंद कसे, याचे उत्तर तिच्यात नाही, समुद्रात आहे. दिवसातून दोन वेळा भरतीचे पाणी खाडीतून आत शिरते, कित्येक कोस नदीला मागे रेटते आणि ओहोटीला परत घेऊन जाते. याच भरतीच्या पाठीवर पूर्वी गलबते महाडपर्यंत जात. मुखाच्या दक्षिण टोकावर टेकडीवर बाणकोटचा किल्ला आहे. 1756 च्या तहाने तो इंग्रजांकडे गेला आणि त्याला त्यांनी फोर्ट व्हिक्टोरिया हे नाव दिले. एवढासा किल्ला त्यांना का हवा होता, हे मुखाशी उभे राहिले की कळते. ज्याच्या हातात नाका, त्याच्या हातात जकात.

पलीकडे वेसवीला नेणाऱ्या फेरीबोटीत गाड्याही चढतात. त्या दिवशी गाड्यांची रांग लांब होती. दोन बोटी भरून निघून गेल्या. चार वाजेपर्यंत मुक्कामी पोहोचायचे, पाच वाजता आजींचे जेवण आटोपायचे आणि सहा वाजता किनाऱ्यावर जायचे असे सगळे आखलेले होते. प्रत्यक्षात गाडी वेळासच्या घरासमोर थांबली तेव्हा सव्वापाच होऊन गेले होते.

यजमानांना फोनवर आधीच सर्व सांगून ठेवलेले होते: कांदा-लसूण नको, बटाटा-रताळे-सुरण असे कंदमूळ काही नको, आजींचे जेवण सूर्यास्तापूर्वी. जाऊ इच्छिणाऱ्यांनी हे दोन दिवस अगोदर सांगावे. कोकणातील घरांना त्यात अडचण वाटत नाही, मात्र ऐनवेळी सांगितल्यास अडचण होते. कुळथाचे पिठले, लाल भोपळ्याची भाजी आणि तांदळाची भाकरी एवढे तयार होते. पण भात अजून चुलीवर होता, हात-पाय धुवायचे होते, आणि किनारा घरापासून बराच चालत. पिल्ले सोडण्याची वेळ सकाळी सात आणि संध्याकाळी सहा. आजींच्या चालीने आताच निघावे लागणार होते.

जेवावे की जावे, यावर ओसरीवर थोडा वेळ कुणीच काही बोलले नाही. सून म्हणाली, "आई, तुम्ही जेवून घ्या. उद्या सकाळी आहेच की." मुलालाही तेच वाटत होते, पहाटेपासून दोन दशम्यांवर असलेल्या आईला रात्रभर उपाशी ठेवणे त्याच्या जिवावर आले होते. आजींनी लुगड्याचा पदर खोचला.

"उद्याचं उद्या बघू. एक वेळ जेवण राहिलं तर काही होत नाही. चला."

सुरूच्या बनातून वाट निघाली आणि एकदम संपली. पुढे नुसता प्रकाश होता. आजी थांबल्या. समुद्राविषयी त्या काही बोलल्या नाहीत. त्यांचे लक्ष पायांपाशी गेले होते. ओल्या वाळूवर मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी पसरलेली होती आणि प्रत्येक नक्षीच्या मध्यभागी एक बारीक भोक होते. नखाएवढा खेकडा वाळू तोंडात घेतो, तिच्यातील अन्नकण काढून घेतो आणि गोळी करून बाजूला टाकतो. आजींनी चपला हातात घेतल्या आणि त्या नक्षी चुकवत, कोरड्या वाळूच्या कडेकडेने चालू लागल्या. त्यामुळे सहाला दहा मिनिटे असताना जे अंतर उरले होते, ते तोडायला वीस मिनिटे लागली.

जाळीचे कुंपण घातलेल्या जागेत घरट्यांतून अलगद उचलून आणलेली अंडी तशाच खोल खड्ड्यांत पुरलेली असतात. प्रत्येकाजवळ तारखेची पाटी. पिल्ले बाहेर पडायला साधारण पन्नास दिवस लागतात. वाळू तापलेली असली तर कमी, थंड असली तर जास्त. त्या उष्णतेवरच नर-मादी ठरते. वाळू ऊबदार असेल तर माद्या अधिक, गार असेल तर नर अधिक. उन्हाळे वाढत चालल्याने उद्या नरच उरणार नाहीत की काय, ही चिंता जगभरच्या कासव-अभ्यासकांना लागून राहिली आहे. दिवस भरत आलेल्या खड्ड्यावर टोपली पालथी घालून ठेवतात. सकाळ-संध्याकाळ कासवमित्र एकेक टोपली उचलतो आणि दोराच्या अलीकडे उभी असलेली माणसे मान उंचावतात.

त्या संध्याकाळी पहिली टोपली उचलली, रिकामी. दुसरी, रिकामी. चारही टोपल्यांखाली नुसती वाळू होती. निसर्गाचे वेळापत्रक असे नसते, उद्या सकाळी या, असे कासवमित्राने शांतपणे सांगितले. हे वाक्य तो बहुधा हंगामात शंभरदा उच्चारत असावा. गर्दीतील काही जणांनी एवढा प्रवास फुकट गेल्याची कुरबूर केली. सूर्य तेव्हा पाण्याला टेकत होता. घरी पोहोचेपर्यंत अंधार पडला. आजींनी पाणीही घेतले नाही.

तंबूचा बेतही तितकाच फसला. किनाऱ्यावर तंबू ठोकायचा नाही, रात्री दिवा किंवा विजेरी घेऊन फिरायचे नाही. अंडी घालायला येणारी मादी उजेड आणि हालचाल दिसताच परत फिरते, आणि पिल्ले तर उजेडाकडेच धावतात. मोकळ्या किनाऱ्यावर सर्वांत उजळ दिशा पाण्याची असते, म्हणून ती पाण्याकडे जातात. मागे दिवा असेल तर दिव्याकडे. नातू खट्टू झाला. त्याने यजमानांच्या वाडीत माडांमध्ये जागा शोधली, तेव्हा यजमान काका हसत आले.

"माडाला डोळे असतात, तो माणसावर नारळ टाकत नाही, असं आमच्याकडे म्हणतात. पण तू अंगणात ये, बाबा."

अंगण सारवलेले आणि टणक. खुंट्या आत जाईनात. अखेर तंबूच्या दोऱ्या तुळशीवृंदावनाच्या कडेच्या दगडांना आणि ओसरीच्या खांबाला बांधल्या गेल्या. मुले आत झोपली. आजी ओसरीवर बसून होत्या. समुद्राचा आवाज येथवर येत होता आणि ओहोटीबरोबर मंदावत होता.

बोलता बोलता यजमानांनी दोन कासवांची हकिकत सांगितली. जानेवारी 2022 मध्ये याच किनाऱ्यावर अंडी घालून परतणाऱ्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश धाडणारे यंत्र बसवण्यात आले. तिचे नाव ठेवले प्रथमा. पश्चिम किनाऱ्यावरील कासव अंडी घालून जाते कुठे, हे तोवर कुणी असे मागोवा घेऊन पाहिलेले नव्हते. दुसरी गोष्ट अधिक नवलाची. 2021 मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर एका मादीच्या वल्ह्यासारख्या पायाला क्रमांकाचा बिल्ला लावला होता. तीच मादी जानेवारी 2024 मध्ये गुहागरला अंडी घालताना आढळली. पूर्वेचा समुद्र सोडून, भारताचे टोक ओलांडून, किमान साडेतीन हजार किलोमीटर पोहून ती येथे आली होती. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्याची कासवे वेगळी, ही समजूत त्या एका बिल्ल्याने डळमळीत केली.

"म्हणजे आपली गोदावरी जिकडं जाते, तिकडून आली," आजी म्हणाल्या. आणि मग थोड्या वेळाने, "पैठणला मुनिसुव्रतनाथांच्या पायाशी कासवच आहे."

सकाळी सातला त्या सर्वांच्या आधी किनाऱ्यावर होत्या. पहिली टोपली रिकामी निघाली. दुसरी उचलताना कासवमित्र थबकला. टोपलीखाली काळपट, रुपयाहून थोडी मोठी पिल्ले एकमेकांवर चढत होती. त्याने हळूच वाळू सारली, तशी खालून आणखी वर आली. मोजली तेव्हा एकतीस भरली. लाटेपासून काही हात अलीकडे ती ठेवण्यात आली. थेट पाण्यात सोडत नाहीत, तेवढे अंतर त्यांनी स्वतः चालून जायचे असते. ज्या वाळूवरून मादी चालत जाते, तिकडेच ती वाढून परत येते, असे म्हणतात.

बहुतेक पिल्ले सरळ गेली. एक सारखे वळून दोराकडे येत होते. लाटेने त्याला दोनदा उलथे केले. आजींचा हात नकळत पुढे झाला आणि कासवमित्राने मानेनेच नाही म्हटले. हात तसाच हवेत राहिला. तिसरी लाट मोठी होती. ती ओसरली तेव्हा वाळूवर काही नव्हते. हजारांतून एखादेच मोठे होते म्हणतात, असे शेजारच्या पर्यटकाने आपल्या मुलाला सांगितले. आजींनी ते ऐकले असावे. पाणी पुसट होऊन गेलेल्या जागेकडे त्या पाहत राहिल्या, आणि बाकीचे परत फिरले तरी तेथेच उभ्या होत्या.

सूर्योदयाला दोन घटका होऊन गेल्यावर त्यांनी ओसरीवर बसून उकळलेले पाणी प्याले आणि तांदळाच्या घावनाबरोबर कालचे राहून गेलेले कुळथाचे पिठले ताजे करून मागितले. दोन वेळा वाढून घेतले. यजमानीण बाई खूश झाल्या.

परतीच्या फेरीबोटीत मुलगा मोबाईलवर तुरीचा भाव पाहत होता आणि आजी कठड्याला धरून उभ्या होत्या. भरती चालू होती. नदीचे पाणी उलटे, डोंगराकडे चालले होते. रात्री साडेदहाला गाडी बीडमध्ये शिरली, तेव्हा बिंदुसरेच्या पुलावरून जाताना त्यांनी काच खाली करून घेतली. खाली पात्रात पाणी नव्हते. बाभळी होत्या आणि कोरडी वाळू.

सोमवारी गोदामाच्या गच्चीवर तंबू वाळत घातला होता. दुपारी नातवाने तो झटकला, तेव्हा मूठभर वाळू आणि एक शिंपला पडला. आजींनी शिंपला उचलून आत कुणी नाही ना, ते उन्हाकडे धरून दोनदा पाहिले आणि मगच तो खिडकीत ठेवू दिला.